चार नंबरचा दोर

राजस्थानच्या पश्चिमेला, वाळवंटातल्या एका युनिटमध्ये माझी पोस्टिंग झाली तेव्हा माझी सर्व्हिस सतरा वर्षं झाली होती. रँक हवालदार. रॉक क्लाइंबिंगचा इन्स्ट्रक्टर कोर्स केलेला. युनिटचं आणि जागेचं नाव लिहीत नाही. वेळ मात्र लिहीन, आणि फौजेच्या सवयीनं चार आकड्यांत लिहीन. आमच्या गावात, जवळा बाजारात, 'सकाळी येतो' म्हणणारा माणूस दुपारी जेवायच्या टायमाला उगवतो आणि वर 'लवकर तर न्हाई ना आलो?' विचारतो. निवृत्त होऊन अशा लोकांत राहतो आहे. असो.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. वाळवंटातल्या डोंगरावर सात दिवसांच्या क्लाइंबिंगचा बेत मी आखला होता. दहा जण गेलो, नऊ परत आलो. जो आला नाही त्याच्या घरचे अकरा वर्षं समजत होते की तो स्वतःच्या चुकीनं गेला. चूक माझी होती. ते त्यांना सांगायचं की नाही, एवढा एकच प्रश्न अकरा वर्षं माझ्यापुढं होता, आणि अकरा वर्षं मी तो टाळला.

तो म्हणजे नायक विलास खिल्लारे, राहणार कनेरगाव नाका. फौजेत एका मुलखातल्या माणसाला 'ग्राईं' म्हणतात. मराठवाड्याचा ग्राईं मिळाला तरी माणूस खूश होतो, इथं तर एकाच जिल्ह्याचा निघाला. नवीन पोस्टिंगवर दुसऱ्याच दिवशी मी एका जवानाला झापत होतो. हा मागून आला आणि म्हणाला, "उस्ताद, हिंगोलीकडले का तुमी?"

"तुला कसं कळलं?"

"शिव्यांवरून."

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-बकऱ्या. बाप चराईला गेला की आठ-आठ दिवस घरी नसायचा. खिल्लारेला हे कळल्यावर त्यानं मला सोडलं नाही. मी एखाद्या कातळावर अडकलो की खालून ओरडायचा, "उस्ताद, तुमच्या घरची बकरी बी याच्याहून नीट चढत असंल." माणूस बारीक, हाडं लांब, बोलणं कमी, हात मात्र पक्के. चौदा एप्रिलला सगळ्या बॅरेकची खीर तो स्वतः करायचा आणि दुसऱ्या कोणाला चमचा लावू द्यायचा नाही. घरी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, प्रज्ञा. तिचं वहीतलं अक्षर तो खिशात घेऊन फिरायचा.

नोव्हेंबरात कंपनी कमांडर कॅप्टन साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "पोले, सात दिन का क्लाइंबिंग कॅम्प. सात लडके सिखाने हैं. प्लॅन परसों मेरे टेबल पर."

"जी सर."

मला बेत आखायला आवडायचं. खरं सांगतो, चढण्यापेक्षाही जास्त आवडायचं. वाळवंटातला डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा नसतो. सपाट वाळूतून ग्रॅनाइट एकदम वर आलेला, झाड नाही, झरा नाही. नोव्हेंबरातही दहानंतर दगडाला हात लावला की चटका बसतो आणि पहाटे बोटं आकडतात. म्हणून मी लिहिलं: चढाई ०६०० ते १०००, मग सावली, मग १६०० ते १८००. माणसं दहा: मी, खिल्लारे, सात शिकाऊ जवान, एक नर्सिंग असिस्टंट. पाणी माणशी रोज दहा लिटर, म्हणजे पस्तीस जेरीकॅन. साठ मीटरचे दोर चार. पहिले तीन वापरात, चौथा राखीव. गाडी आम्हाला सोडून परत जाणार, सातव्या दिवशी न्यायला येणार. मध्ये काही लागलं तर रेडिओ. गाडी यायला दोन तास. कॅप्टन साहेबांनी कागद वाचला आणि एकही खूण न करता सही केली. मी त्या दिवशी जेवणाच्या लंगरमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्या टीमची एक रीत होती, मीच घातलेली. जो दोर तपासेल तोच त्या दोरावर पहिला लटकेल. दोर तपासायचा तो वाव-वाव करून, म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढी लांबी मावते तेवढा एका वेळी, बोटांनी दाबत, शेवटपर्यंत. शिकाऊ जवानांना वरून दुसरा सेफ्टी दोर असायचा. उस्ताद लोक, म्हणजे शिकवणारे, एकाच दोरावर उतरायचे. त्यात काही मर्दुमकी नव्हती, वेळ वाचायचा. वेळ वाचवायचं माझ्या बेतात होतं.

आता ती गोष्ट सांगतो जी सिव्हिलमधल्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमच्याकडं दावं, कासरा, कुठलाही दोर जमिनीवर पडलेला असला तर तो ओलांडत नाहीत. ओलांडला तर जनावर पाय मोडून घेतं, असं आमची माय म्हणायची. उचलायचा, कपाळाला लावायचा, बाजूला ठेवायचा. फौजेत दोरावर पाय द्यायला मनाई असते, ओलांडायला नसते. मला मात्र ओलांडणं कधी जमलं नाही. जवान गालात हसायचे. खिल्लारे हसायचा नाही, तोही ओलांडायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी १६४० वाजता मी शेवटचा जेरीकॅन घेऊन स्टोअरमध्ये शिरत होतो. उंबऱ्यातच चार नंबरचा दोर वेटोळं करून ठेवलेला. खिल्लारेनं मोजणीसाठी ठेवला होता. हातात वीस लिटर पाणी. दुसरा कोणी असता तर टांग टाकून आत गेला असता. मी जेरीकॅन खाली ठेवला, दोर उचलला, कपाळाला लावला आणि शेजारच्या रॅकच्या खालच्या फळीवर ठेवून दिला. त्या फळीवर गाडीच्या दोन बॅटऱ्या होत्या, दुरुस्तीला जायच्या. मी त्या पाहिल्या. बॅटरीचं ॲसिड नायलॉनला आतून खातं आणि वरून फारसं दिसत नाही, हे वर्गात मीच शिकवायचो. फळ्यावर लिहून शिकवायचो. त्या वेळी डोक्यात फक्त पाणी होतं. पस्तीस जेरीकॅन भरले का, एवढंच.

दोर रात्रभर तिथं राहिला. सकाळी ०४३० ला सामान चढवताना मी तो उचलला तेव्हा खालच्या वेढ्यांना ओल लागली. तळहात जरा चुणचुणला. थंडी होती, आणि जेरीकॅन भरताना सगळं स्टोअर ओलं झालं होतं. पाणी समजलो. दोर मांडीवर दोन-तीनदा घासून पुसला आणि गाडीत टाकला. ०५०० ला गाडी निघाली. वेळेवर.

पहिले चार दिवस बेताप्रमाणे गेले. पोरं चांगली होती. पहिल्या दिवशी निम्म्यांचे पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे थरथरत होते, तिसऱ्या दिवशी तीच पोरं वर बसून बिडी ओढायची परवानगी मागत होती. दिली नाही. दुपारी कातळाच्या सावलीत आम्ही पडून राहायचो. खिल्लारे एकदा म्हणाला, "उस्ताद, पेन्शनीत गेल्यावर काय करून राहाल तुमी?"

"बकऱ्या."

"मी पोरीला हितं आणीन. हाच डोंगर. तिला म्हणीन, पाह्य, तुझा बाप कुठं लोंबकळत होता."

"तिच्या आईला विचार आधी."

"तिला काय विचारायचं? ती म्हणते, तुमाला घरच्या दाराची कडी नीट लावता येत न्हाई, डोंगर काय चढता."

चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन नंबरच्या दोराचं वरचं आवरण एका जागी फाटलेलं दिसलं. खिल्लारेनंच पाहिलं. तो दोर बाजूला काढला. उद्या चार नंबर काढायचा, असं ठरलं. राखीव दोर त्यासाठीच होता. मला उलट बरं वाटलं की आपल्या बेतात तजवीज होती.

पाचवा दिवस. ०५४५. उजाडत होतं. मी स्टोव्हपाशी बसून लॉग लिहीत होतो. खिल्लारे माझ्यापासून दहा पावलांवर चार नंबरचा दोर तपासत होता. वाव, वाव, वाव. मध्येच थांबला.

"उस्ताद, हितं काही लागलं का?"

"कुठं?"

"हितं. कडक लागून राहिलं. रंग बी उतरल्यावाणी हाये."

मी उठलो नाही. दहा पावलं होती. लॉगमधली ओळ पुरी करायची होती. बसल्या जागेवरून म्हणालो, "पाणी लागलंय. स्टोअरात भिजला होता. वाळून कडक झाला असंल."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचा वाव घेतला.

०७०० ला आम्ही वर होतो. चाळीस मीटरचा कडा. त्यानं अँकर लावून दोराचं टोक कातळाला बांधलं, दोर घासू नये म्हणून काठावर कॅनव्हासचं पॅड टाकलं, दोर त्यावरून सोडला. रीतीप्रमाणे पहिला तोच. शिकाऊ पोरं माझ्या मागं ओळीत बसलेली. त्यानं पाठ मोकळ्या हवेकडं केली, माझ्याकडं पाहून म्हणाला, "उस्ताद, रोप टाइट. जातो." ०७१० होते. तो सात-आठ मीटर उतरला असेल. जोराचा आवाज झालाच नाही. जुनं पोतं उसवावं तेवढाच. दोराचं वरचं टोक पॅडवर उडून परत पडलं.

मी दुसऱ्या दोरानं खाली पोचलो तेव्हा ०७१६ झाले होते. खालीच थांबलेला नर्सिंग असिस्टंट आधीच त्याच्यापाशी होता. त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली. मी रेडिओ घेतला.

"अल्फा, अल्फा, चार्ली. अर्जंट. ओव्हर."

"चार्ली, अल्फा. भेजो. ओव्हर."

"वन कॅज्युअल्टी. फॉल. सीरियस. गाडी और डॉक्टर. ओव्हर."

"गाडी निकल रही है. टू अवर्स. नाम भेजो. ओव्हर."

मी नाव सांगितलं. माझा आवाज स्थिर होता, हे मला आजही आठवतं आणि त्याचा रागच येतो.

खिल्लारेला शुद्ध होती. पाठीतून सगळं गेलं होतं, तरी डोळे उघडे होते. मी त्याच्या तोंडाशी वाकलो. त्याला पाणी हवं असेल असं वाटलं. तो म्हणाला, "उस्ताद, मी पाहिला होता."

"व्हय. पाहिला होता."

"नीट पाहिला होता."

"व्हय रे. बोलू नको."

नंतर तो बोलला नाही. ०७५५ ला संपलं. गाडी ०९२० ला आली. पस्तीसपैकी चौदा जेरीकॅन भरलेले शिल्लक होते. कशाला मोजले कोणास ठाऊक.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी दोन दिवसांत झाली. तुटलेली जागा बरोबर काठावर आली होती, म्हणून सगळ्यांनी काठच पाहिला. मला विचारलं, "रोप किसने चेक किया?"

"नायक खिल्लारे, सर."

"एज पॅड किसने लगाया?"

"नायक खिल्लारे, सर."

दोन्ही उत्तरं खरी होती. निष्कर्ष निघाला: दोर दगडाच्या धारेवर घासून तुटला, तपासणीत कसूर. कसूर कोणाची, ते वेगळं लिहायची गरज नव्हती.

त्याला घरी न्यायला एस्कॉर्ट मीच होतो. ग्राईं म्हणून. कनेरगाव नाक्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, ढाबेवाल्यांनी भट्ट्या बंद ठेवल्या होत्या. बुद्धवंदना झाली, सलामी झाली. प्रज्ञा चुलत्याच्या कडेवर होती, नऊ वर्षांची पोरगी, कडेवर मावत नव्हती. लोक पांगल्यावर सुशीला वहिनींनी मला घरात बोलावलं. रडून डोळे कोरडे झालेले. विचारलं, "भाऊजी, दोर कोन पाह्यला व्हता?"

"त्यानंच, वहिनी. नीट पाहिला होता. शेवटी तेच म्हणाला."

"नीट पाह्यला असता तं तुटला असता का?"

तो का तुटला, शपथ घेऊन सांगतो, तोवर मलाही माहीत नव्हतं.

युनिटला परत आलो. कपड्यांचं गाठोडं तसंच पडलेलं होतं, ते धोब्याकडं टाकलं. दोन दिवसांनी त्यानं इस्त्री करून आणलं आणि म्हणाला, "साब, ये पैंट तो गई." पँटच्या उजव्या मांडीवर भोकं पडली होती. बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढी, सात-आठ. कडा पिवळट. ॲसिड लागलेलं कापड धुतल्यावर असंच गळतं. ती दोर पुसायची जागा होती. मी पलंगावर बसलो. स्टोअर, उंबरा, फळी, बॅटऱ्या, चुणचुणणारा तळहात, पहाटेचा तो प्रश्न आणि माझं 'पक्कं', सगळं एका मिनिटात जागेवर बसलं.

११३० ला कॅप्टन साहेबांच्या ऑफिसपर्यंत गेलो. आत कोणीतरी होतं. बाहेर उभा राहिलो. उभ्या उभ्या विचार केला की इन्क्वायरी मिटली आहे, माणूस परत येणार नाही, पुढच्या वर्षी माझं प्रमोशन आहे. शेवटचा विचार मी पहिल्या दोघांच्या मागं लपवला होता, पण होता तोच खरा. मी परत फिरलो. पँट घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पुढल्या वर्षी नायब सुभेदार झालो, खांद्यावर तारा लागला. आता गावात लहानथोर सगळे मला सुभेदार म्हणतात. मी 'ओ' देतो.

दर वर्षी त्या दिवशी कनेरगावला जायचो. ते चुकवलं नाही. फोटोपुढं मेणबत्ती लावायचो, वहिनी चहा करायच्या. त्या अंगणवाडीत मदतनीस, एकटीनं पोरगी वाढवलेली, जीभ तिखट. चहा देताना फोटोकडं पाहून दर वर्षी तेच बोलायच्या, "पाहा भाऊजी, दुनियेचे दोर पाह्यले यानं, सोताचा न्हाई पाह्यला. घरी कडी लावता येत नव्हती, तिथं काय दिवे लावनार व्हता." मी चहा प्यायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्या माझ्याकडं वळून पाहायच्या तेव्हा मला वाटायचं, आता विचारतील. त्या साखर पुरे का म्हणून विचारायच्या.

यंदा दसऱ्यानंतर प्रज्ञाचा फोन आला. आता वीस वर्षांची, संभाजीनगरला कॉलेजात, तिथल्या मुलामुलींबरोबर क्लाइंबिंग करते. म्हणाली, "काका, आम्ही आठ जण डिसेंबरात राजस्थानला जाऊन राहिलो. सात दिवस. बाबांच्याच डोंगरावर. बेत तुम्ही करून द्या."

"परवा सकाळी दहाला ये," मी म्हणालो.

ती दहा वाजून दहा मिनिटांनी आली. बाजाराचा दिवस, दारासमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या, त्यात अडकली म्हणे. मी घड्याळाकडं पाहिलं तर म्हणाली, "बाबा सांगायचे, तुमच्यापुढं घड्याळ बी घाबरतं." तिनं वही काढली.

आम्ही बसलो. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. पाणी माणशी दहा लिटर, एक थेंब कमी नाही. चढाई दहाच्या आत बंद. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, विंचू असतो. न्यायची गाडी तिथंच उभी पाहिजे, परत पाठवायची नाही. उतरताना प्रत्येकाला दुसरा सेफ्टी दोर, उस्ताद असो की आणखी कोणी. बैल गेला अन्‌ झोपा केला, असा एकेक मुद्दा मी तिला देत होतो. ती मान डोलवून उतरवून घेत होती. बापासारखंच, ओळ पुरी झाली की खाली बारीक रेघ मारायची.

"आता दोर," मी म्हणालो.

"दोर मीच तपासणार," ती म्हणाली. "आईला शब्द दिलाय. आई म्हणते, तेवढं बापासारखं करू नको, नीट पाहा."

बाहेर हमाल ओरडत होते. मी उठलो, ट्रंक उघडली, तळाशी हात घालून पँट काढली आणि तिच्यापुढं ठेवली. सगळं सांगितलं. उंबऱ्यापासून 'पक्कं'पर्यंत, वेळेसकट. सांगताना माझा आवाज रेडिओवर होता तसाच स्थिर होता.

तिनं पँट मांडीवर घेतली. भोकांत बोट घातलं, एकात, मग दुसऱ्यात. बराच वेळ तेच करत राहिली.

"म्हणजे बाबांनी पाहिला होता."

"व्हय."

"विचारलंही होतं."

"व्हय."

"दहा पावलं," ती म्हणाली. मग उठली. "चला."

"कुठं?"

"आईकडं. आत्ता."

दोन एसट्या बदलून गेलो. औंढ्याच्या पुढं ती खिडकीशी बसली होती आणि पँट पिशवीत तिच्या पायाशी होती. १५४० ला कनेरगाव नाक्यावर उतरलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला अवेळी पाहून म्हणाल्या, "काहून आले भाऊजी? दिवस तं अजून लांब हाये."

मी बसलो नाही. अंगणात सावधान उभा राहून, वरिष्ठाला रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं मला ते सांगताच आलं नसतं. माफी मागितली. ती मागताना आवाज फाटला, एवढंच. प्रज्ञानं पँट काढून आईपुढं धरली. वहिनींनी ती हातात घेतली नाही. सुपातल्या तांदळाकडं पाहत राहिल्या.

"त्यानं विचारलं व्हतं तुमाले?"

"व्हय, वहिनी."

"अन्‌ तुमी पानी म्हनले."

"व्हय."

त्या उठल्या, आत गेल्या. फोटोपुढं उभ्या राहिल्या. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. मला वाटलं, रडतील, मला शिव्या देतील, काहीतरी फेकून मारतील. त्यासाठी मी तयार होतो. खरं तर मला तेच हवं होतं. मग त्या वळल्या. आवाज अगदी हळू.

"अकरा वर्सं मी त्याले बोलले, भाऊजी. रोज बोलले. दिवा लावतानी बोलले, भाकर टाकतानी बोलले. पोरीपुढं त्याले नालायक केलं. आता त्याले कोन सांगल?"

त्या दारापर्यंत आल्या.

"तुमी जा आता," त्या म्हणाल्या. "अन्‌ त्या दिवसाले येऊ नका."

एसटी १६३० ची होती. प्रज्ञा स्टॉपपर्यंत आली. गाडी दिसल्यावर तिनं वहीतली ती पानं फाडून घडी केली आणि माझ्या हातात दिली. "हे नको, काका. आमचा बेत आमी करू." रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. उसनी वाटी परत करावी तसं तिनं दिलं. जाताना 'जय भीम' म्हणाली, ते मात्र म्हणाली. मीही म्हणालो.

ती पानं माझ्यापाशी आहेत. सेफ्टी दोराची ओळ त्यात आहे, तिच्या अक्षरात, खाली बारीक रेघ मारलेली. तिनं ती लक्षात ठेवली असेल की कागदाबरोबर टाकून दिली, मला कळायला मार्ग नाही. नोव्हेंबरातला तो दिवस आला आणि गेला. मी कनेरगावला गेलो नाही. ०७१० ला अंगणात उभा राहिलो, शेजारच्यांनी विचारलं, काय पाहून राहिले सुभेदार? काही न्हाई म्हणालो.

आठ दिवसांपूर्वी कोणाकडून तरी कळलं की पोरं निघाली. आज त्यांचा डोंगरावरचा पाचवा दिवस आहे. सकाळी दोनदा फोन लावला, लागत नाही. तिथं रेंज नसते हे मला माहीत आहे, आणि असती तरी तिनं उचलला नसता हेही माहीत आहे. मी सुभेदार बळीराम पोले, इथं जवळ्यात बसून दहा वाजायची वाट पाहतो आहे, कारण दहाला चढाई बंद व्हायला पाहिजे. तिनं ते तरी ठेवलं असावं.

इन्क्वायरीच्या कागदात जे नाही ते इथं लिहून ठेवतो. नायक विलास खिल्लारे, राहणार कनेरगाव नाका. पाचव्या दिवशी ०५४५ वाजता त्यानं चार नंबरचा दोर वाव-वाव करून तपासला. जिथं खराब होता, बरोबर तिथं थांबला. मला विचारलं. मी दहा पावलांवर होतो, उठलो नाही. त्यानं नीट पाहिला होता.